परवाना क्रमांक सतरा

आमच्याकडे पाणी येतं आठव्या दिवशी,
पहाटे तीनच्या सुमाराला.
आधी नळ खोकतो,
मग पाणी.

मागच्या पाळीला अर्धं पाणी मीटरपासून हौदापर्यंत
आलंच नाही. भिंतीखालून गेलं
शेजारच्यांच्या आळूत.
सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधत होते
तर योजनेवरचा माणूस कुंपणावरून म्हणाला,
"हात नोका लावू बाई,
परवानेवालाच पायजे. नाई तं कनेक्शन कटते."

दर्यापूरला पाणीपुरवठ्याच्या हापिसात
खिळ्याला टांगलेली यादी,
चार नावं, टाइप केलेली, पानाच्या पिचकारीचा एक ठिपका.
वाढून घेतली वहीच्या मागच्या पानावर.

पहिला चाकणला, कंपनीत.
"व्हिडिओ कॉल करा ताई, मी सांगतो
अन् तुमी पाना फिरवा."
दुसरा म्हणाला, पाचशे द्या, सही मारतो.
पाहायला?
"पाह्याले काय येऊ? पाइप तं पाइपच असते."

तिसरं नाव वामन ढोरे.
फोन बाईनं उचलला.
"ते वारले. दोन वर्सं झाले.
नाव काढा म्हून तीनदा जाऊन आली मी,
तरी लोकाचे फोन येतेतच."
मी माफी मागून ठेवणार
तेवढ्यात तिनं विचारलं, "तुमचं काय फुटलं?"

सांगितलं.
"लोखंडी हाय का पीवीसी? किती सुती?"
तेही सांगितलं, अंदाजानं.
"मंग तेलगोटेले धरा. फोन नाई उचलत तो.
दुपारी बहिणीच्या हॉटेलात असते,
भजे तळू लागते."

देविदास तेलगोटे खरंच झारा घेऊन उभे होते.
परवाना दाखवा म्हटलं
तर हात पुसून खिशातून काढला,
प्लास्टिकमधला, क्रमांक सतरा,
फोटोत डोकंभर केस.
"पाळी कधीची?" एवढंच विचारलं.
गुरुवारची.
"मंग बुधवारी."

बुधवारी दिवस बुडायला आला तरी पत्ता नाही.
मी दोन घागरी मोजून ठेवल्या,
जिभेवर चार शिव्याही.
सात वाजता लूना वाजली.

पाइप कापला आणि दगडावर आपटला त्यांनी.
आतून पांढरे पापुद्रे पडले,
ढीगभर.
डोळ्याला लावून पाहिला तर भोक उरलेलं
शिसपेन्सिलीएवढं.
"खारं पाणी, बाई. योजना येण्याच्या आधीचं.
बोअरनं जाता जाता ठेवून देल्लं."
इतकी वर्षं आम्ही त्या भोकातून प्यालो,
आंघोळी केल्या, लग्नं लावली दोन.

मग मीटरजवळचा सांधा आला.
त्यांनी पाना लावला आणि काढून घेतला.
टॉर्च जवळ आणायला सांगितली.
आट्यातलं सूत नखानं उकरून वास घेतला.
"हे ढोरेचं हाय.
सुताचे दोन वेढे जास्त देये तो.
मले म्हणे, लोकाच्या घरी कंजुशी नोको करू."
थोडा वेळ तसेच बसले उकिडवे.
"हा सांधा राहू द्या. याले काय झालं नाई."
नवा पाइप त्यालाच जोडला.

नऊशे चाळीस झाले. बिल मागितलं
तर भज्यांच्या कागदावर लिहून दिलं,
खाली क्रमांक सतरा, खाली सही,
कागदाला तेल.

तीन वाजता नळ खोकला.
अंधारातच हात फिरवला सांध्यावरून.
कोरडा.
हौद भरत होता, मी ऐकत बसले
पाच वाजेपर्यंत, उगाच.

शुक्रवारी हापिसात गेले.
म्हटलं, यादीतलं ढोऱ्यांचं नाव काढा,
त्यांच्या बायकोला त्रास होतो.
कारकून म्हणाला, मयताचा दाखला लागेल,
वारसाचा अर्ज लागेल.
मग चष्म्यावरून पाहून,
"तुम्ही त्यांच्या कोण?"

म्हटलं, गिऱ्हाईक.