घट

पंधरा वर्षांपूर्वी हसुराम म्हात्र्यांनी
माझ्या पॅलिओला सुपरचार्जर बसवला.
त्याची ब्रॅकेट त्यांनी पावण्यातल्या बंद कंपनीच्या
मिक्सरच्या पायातून कापली होती, हॅक्सॉने.
दोन रात्री. दुसऱ्या रात्री पातं तुटून अंगठ्यात शिरलं.
तो अंगठा आजही पुरता वाकत नाही.

तेव्हापासून गाडी शीळ घालत हिंडली.
क्रँकचा पट्टा फिरला की वरचा डबा फिरे,
पॅडल दाबा, ताकद हजर.
रोखीचा व्यवहार.
फक्त डब्याचा पगार इंजिनाच्याच खिशातून जात होता
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं मोक्षदाने, त्यांच्या धाकटीने.
"काका, पंधरा घोडे तर हा डबाच खातो.
आणि सायलेन्सरमधून जे गरम वारं जातंय,
त्याचं काय करता?"
काय करणार? सोडून देतो. सगळेच देतात.

पण मी बावीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
घट लिहिणारा माणूस.
गोणीत किती आला, किती सुकला, किती सडला;
तळाशी उरलेल्या पातीसालांनाही गिऱ्हाईक असतं.
रात्री जेवताना ते गरम वारं
ताटाभोवती फिरत राहिलं.

टर्बो कळंबोलीच्या भंगारातून आला,
एका डिझेल जीपचा, काजळी खाल्लेला.
हसुरामनी हातात घेऊन उलटापालटा केला.
"यो खुबा हाय का?"
मग माझ्याकडे न बघता,
"कनाला करतंस रं? गारी काय आजारी हाय?"
आजारी नव्हती.
उत्तर नव्हतं म्हणून मी चहाचे पैसे दिले.

अकरा दिवस.
मॅनिफोल्ड मोक्षदाने तीनदा वेल्ड केला, दोनदा तडकला.
परतीच्या तेलासाठी ऑईल पॅनला भोक पाडलं,
बाप तेवढा वेळ बाहेर जाऊन उभा राहिला.
इंटरकूलर मावेना म्हणून बंपर आतून कापला.
जुना पट्टा निघाला तो लादीवर पडून राहिला,
म्हैस विकल्यावर दावं पडून राहतं तसा.
दोघांपैकी कोणी उचलला नाही.
तिसऱ्या दिवशी मी पाय लावून बाजूला केला.

रविवारी पहाटे पारसिकचा चढ.
लॅपटॉप तिच्या मांडीवर, वायर माझ्या गुडघ्यावरून.
"तिसरा गिअर. दाबा."
दाबलं.
काही नाही.
एक फाटक गेलं, एक कुत्रं गेलं,
पंधरा वर्षांत पहिल्यांदा
गाडीत बसून गाडीची वाट बघत होतो.
"थांबा हो जरा," ती म्हणते न म्हणते तोच
उतारावरून गोणी सुटावी
तशी ती चढावर सुटली.
माझ्या तोंडून शिवी गेली, पोरीच्या समोर.
"नॉक नाही," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "पुन्हा."

परतलो तेव्हा हसुराम दारात स्टुलावर,
रस्त्याकडे पाठ.
पूर्वी मी तुर्भे नाक्याला वळलो की
इथे बसल्या बसल्या पोराला सांगत,
दोन कटिंग वाढव.
आता गाडी पाठीशी चार हातांवर येऊन थांबली
तरी मान वळली नाही.

"लगेच बंद नका करू, तापलाय तो.
मिनिटभर चालू दे," म्हणत मोक्षदा उतरली,
हात धुवायला मागे गेली.
मी बसून राहिलो.

उलट्या क्रेटवर तो जुना डबा,
रॉकेलने पुसून लख्ख केलेला.
न वाकणारा अंगठा त्याची पुली फिरवत होता,
सावकाश, एक फेरा, मग कान जवळ नेऊन
आणखी एक.
हाताने फिरवून शीळ येत नाही,
हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत.

हॉर्न द्यावा की नाही,
ठरेना.
तेवढ्यात मिनिट संपलं.