स्ट्रायकर

खेळाच्या सामानाची खोली एकवीस वर्षं माझ्याकडं आहे.
क्रिकेटचे दोन किट, तीन व्हॉलीबॉल, त्यातला एक हवा धरतो,
खासबागेकडच्या कुठल्या तालमीनं दिलेली करेलाची जोडी,
ती अजून कुणी खांद्यापर्यंत नेलेली मी बघितली नाही,
आणि बिस्किटांच्या डब्यात चार स्ट्रायकर.

गेल्या वर्षी जूनात मधोमध प्लायवूड ठोकून
निम्मी खोली नदाफ मॅडमना दिली.
समुपदेशन कक्ष. मंगळवार, शुक्रवार, चार ते सहा.
पाटीवाल्याचा 'प' राहिला होता, तो नंतर वरून बारीक बसवला.
आत जायचं तर माझ्या टेबलावरनंच वाट.

महिनाभर कुणी फिरकलं नाही.
मॅडम वडगावच्या एसटीनं यायच्या,
दोन खुर्च्या समोरासमोर लावायच्या,
एकीवर बसायच्या.
सहाला किल्ली देताना म्हणायच्या, शुक्रवारी बघू, मामा.
मी काय बोलणार.
एकशेचाळीस पोरापोरींचं कॉलेज आमचं,
इथं कुणी कुणाच्या दारात शिंकलं
तर भाकरी फुगायच्या आत खाणावळीत कळतं.

मग एका मंगळवारी तेजपाल मगदूम आला. शिरोळचा, दुसऱ्या वर्षाचा.
'मामा, स्ट्रायकर.'
वहीत सही केली. हातात घेतला. उभाच राहिला.
कॅरम गॅदरिंगला रांगोळीखाली पाट म्हणून गेला
तो परत आलाच नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं.
मी पाठ फिरवून फुटक्या व्हॉलीबॉलात हवा भरत बसलो.
प्लायवूडचं दार वाजलं.
पाऊण तासानं तोंड धुऊन बाहेर आला,
स्ट्रायकर टेबलावर ठेवला. घामानं ओला.
'झालं खेळून?'
'एक डाव झाला. शुक्रवारी येतो.'

कुणी कुणाला सांगितलं, मला माहीत नाही.
पण दिवाळीपर्यंत वहीची पानं स्ट्रायकरनं भरली.
मेसचं बिल थकलेला,
इंग्रजीच्या तासाला जीभ गिळून बसणारी,
ज्याचा घरचा डबा स्टँडवर यायचा बंद झाला तो,
रात्री गच्चीवर एकटाच येरझाऱ्या घालणारा.
भिंत पातळ आहे. मी रेडिओ मोठ्यानं लावतो, बाजारभाव.
गुळाचा दर मला आता तोंडपाठ असतो.

फेब्रुवारीत तपासणी समिती आली.
समुपदेशनाच्या रकान्यासाठी नावं मागितली.
मॅडम म्हणाल्या, नावं देणार नाही.
मग रकान्यात शून्य पडलं,
आणि शून्याला मानधन कशाला, असं कुणीतरी हळूच म्हटलं.
माझी वही उलटताना मात्र साहेब खूश.
'कॅरमला एवढा प्रतिसाद? बोर्ड कुठाय?'
'दुरुस्तीला.'
एकवीस वर्षांत साहेबासमोर पहिल्यांदा खोटं बोललो, असं लिहिणार होतो,
पण ते दुसरं खोटं झालं असतं.

रात्री सह्या मोजल्या. एकशे त्र्याऐंशी.
नावं झाकून नुसता आकडा चिठ्ठीवर लिहिला
आणि प्राचार्यांच्या बशीखाली ठेवला.
त्यांनी वाचला. माझ्याकडं बघितलं. चहा प्यायले.
मॅडम अजून येतात.

एकच नोंद उघडी आहे.
अमृता खोत, चंदगड. नेला, सात मार्च. परत, कोरं.
ती गावाला गेली ती गेलीच.
हिशेबाप्रमाणं तिथं 'गहाळ' लिहायला पाहिजे.
मी लिहीत नाही.
मंगळवारी पलीकडनं मॅडमचा फोनवरचा आवाज येतो,
हं... हं... जेवलीस का?
तेवढ्यापुरता मी रेडिओ बारीक करतो.

समितीच्या शिफारशीनं आता दोन नवे कॅरम आलेत.
काल पहिल्या वर्षाची चार पोरं आली,
पावडर, सोंगट्या, सगळं मागून घेतलं.
'आणि स्ट्रायकर, मामा?'
डब्यात तीन होते.
म्हटलं, आज मंगळवार आहे, पोरांनो.
मंगळवारी शर्टाच्या बटणानं खेळा.