आठ ओहम

ॲम्प्लिफायर तीस वॅटचा, जुन्या वाल्व्हचा,
वरातीत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्राने मोडीत काढलेला.
जिन्याने वर आणायला दोन हमाल लागले.
खालच्या मजल्यावरच्या भदौरिया बाईंनी
दार किलकिलं करून विचारलं, फ्रीज?
मी हो म्हटलं.

छत्तीस वर्षं महालेखाकारांच्या कचेरीत
दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या,
कधी खोटं बोललो नव्हतो.
बोललो असेन. जमेत धरत नाही.

व्हॉल्यूमची कळ शून्यावर : काही नाही.
एकावर : भांड्यांच्या मांडणीत वाट्या बोलू लागतात.
मध्ये केसभर फट आहे.
दसऱ्यापासून नाताळपर्यंत मी त्या फटीत राहिलो.
बाई नर्स. सकाळी आठला त्यांची रात्र सुरू होते
आणि माझी बोटं नेमकी तेव्हाच जागी होतात.

स्पीकरच्या तोंडाला उशी लावून पाहिली,
उशीवर मृदुलाची लहानपणची दुलई.
आवाज तेवढाच, फक्त
तोंडात लाडू कोंबून बोलल्यासारखा.

शेवटी नई सडकवर हरप्रसाद कुशवाहचं दुकान गाठलं.
म्हटलं, स्पीकरची वायरच काढून टाकतो.
त्याने कानाला हात लावले.
असं कधी करू नका, बाबूजी,
याला भार लागतो.
ओढायला काही नसलं
की हा आतल्या आत जळतो.

निवृत्त होऊन मला तेव्हा सात महिने झाले होते.

त्याने एक डबा करून दिला, ॲल्युमिनियमचा,
आत पांढऱ्या चिनीमातीचे चार रेझिस्टर,
वर खडूने लिहिलेलं : ८ ओहम.
आवाज मग जाईल कुठे? मी विचारलं.
जातोय कुठे, तो म्हणाला. ऊब होईल.

जानेवारी. खिडकीत किल्ला नाही, नुसतं धुकं.
कळ पाचावर. तार ताणून सोडली
की वाल्व्ह लाल होतात, डबा तापतो,
आणि खोलीत उरतो डासाएवढा सूर.
मोजे वाळत घालतो त्याच्यावर.

परवा बेल वाजली. भदौरिया बाई,
ड्यूटीवरून थेट, स्वेटरला स्पिरिटचा वास.
म्हणाल्या, तुमचा फ्रीज
रोज एकाच जागी अडखळायचा,
तिसऱ्या ओळीनंतर.
हल्ली ऐकू येत नाही. जमलं का ते?

मी खुर्ची दिली. डबा दाखवला.
त्यांनी गारठलेले तळवे त्याच्यावर धरले,
वाजवा, म्हणाल्या.

तिसऱ्या ओळीनंतर अडखळलो.
पुन्हा घेतलं. पुन्हा.
कितीतरी वेळ त्या डोळे मिटून तशाच,
मग एकदम हात उचलला :
अब लगा.

सूर की चटका,
मी विचारलं नाही.