खरवड

पहाटे साडेचारला भट्टी पेटते
तेव्हा मोती चौकातली कुत्रीसुद्धा उठलेली नसतात.
मेढ्याकडून आलेला खवा परातीत पांढरा पडलेला,
अजून कशाचाच नाही, ना सणाचा ना सुतकाचा.
मी तो कढईत सोडतो आणि एकतीस वर्षांचा हात
आपला आपण फिरायला लागतो.

आधी तूप सुटतं. मग तांबूस रंग चढतो,
अजिंक्यताऱ्याच्या कातळावर
वैशाखातली संध्याकाळ चढते तसा.
ह्या घडीला चव बघावी लागते.
म्हणजे, लागायची.

आता वही आहे. उपाशीपोटी १८२, जेवणानंतर २९०.
शिंगटे डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"मामा, धंदा बदला म्हणत नाही. बोट बदला."
मी हसलो.
ह्या बोटानं शाळेत पाटी पुसली,
दर मतदानाला शाई लावून घेतली,
आणि कढईच्या काठाची वाट
ह्यालाच अंधारात सापडते.

कारणं माझ्याकडे भरपूर होती.
आमच्यात वडिलांनाही होती साखर.
पेढेवाल्यानं पेढा चाखायचा नाही तर काय कडबा?
दसरा आहे. लग्नसराई आहे.
तोळ्याच्या काट्यावर घातली
तरी किलोकिलोनं भरायची.

खरं सांगायचं तर चवीसाठी नव्हतंच ते.
सगळे गेल्यावर, कढई निवताना
तळाला जी खरवड उरते,
जळकी, चिवट, कुणालाच विकता न येणारी,
ती मी खायचो. उभ्यानं. दाराकडे पाठ करून.
दुकानात एकटाच असलेला माणूस
पाठ नेमकी कुणाकडे करतो?

इंदुमती पहारा ठेवत नाही.
एकदाच बोलली, भाकरी थापता थापता,
"मी तुमची आई नाही. आणि पोलीसही नाही."
आणि भाकरी उलटली.

एका सोमवारी यंत्रानं २६४ दाखवलं.
मी वहीत १६४ लिहिलं.
दोनाच्या जागी एक. शाईसुद्धा कमीच लागली.
बाईंनी वही बघितली. "वा मामा! जमलं की!"
आणि वाढवायची ठरलेली गोळी राहू दिली.

पोवई नाक्यापर्यंत चालत आलो.
ती शाबासकी घशातच अडकलेली,
गिळवेना, थुंकवेना.
वडापवाला "कराड, कराड" ओरडत होता
आणि तो खरंच कराडला जाणार होता.
रसवंतीवाला रसच विकत होता.
भर नाक्यावर मी तेवढा
शंभरानं खोटा.

कुणी पकडलं नव्हतं, तीच अडचण.
पकडलं असतं तर भांडलो असतो,
यंत्राला शिव्या घातल्या असत्या,
दोन दिवस जेवलो नसतो, आणि सुटलो असतो.

परत फिरलो. नवा नंबर घेतला, तेविसावा.
खोकणारी माणसं, रडणारी पोरं, भिंतीवर कॅलेंडर.
आत जाऊन वही उघडली, त्या एकावर रेघ मारली.
गिरगटलं नाही. खालचं दिसेल अशी साधी रेघ.
शेजारी दोन काढला.
"बाई, हा माझा आकडा."
त्या काही बोलल्या नाहीत. गोळी वाढवली.
फी मात्र दुसऱ्यांदा घेतली नाही,
ते मला अजून खटकतं.

आता चव रोहिदास बघतो. दहिवडीचा पोरगा, एकोणीस वर्षांचा.
"गोड झालंय," एवढंच यायचं त्याला.
मी म्हणायचो, गोड तर साखरही असते, नीट सांग.
हल्ली तो डोळे मिटून थांबतो,
म्हणतो, "मामा, कडेला अजून कच्चं लागतंय."
मी कान देतो. उलथन्याचा ओला आवाज
कोरडा पडतो, तेव्हा उतरवायची.
तीस वर्षं हा आवाज इथंच होता,
तोंड भरलेलं असायचं, ऐकू आला नाही.

खरवड अजून उरते. रोज उरते.
मी कढईत पाणी सोडतो, दिवा मालवतो, कडी लावतो.

काल नाही सोडलं पाणी.
काल वहीत २७१ आहे.
तिन्ही आकडे वळणदार,
पाटीवर गुरुजींना दाखवायला काढावेत तसे.