आवक क्रमांक ४१७

बडोद्याला, वनस्पतिशास्त्र विभागात
मी सव्वीस वर्षं आवक-जावक लिहिली.
पोस्टातला माणूस मला पाहिलं की
न विचारता वजनकाटा पुढे ओढायचा.

छापील कार्डं असायची आमची :
‘आपल्या अमुक लेखाची एक प्रत पाठवाल का?’
अमुकच्या जागी मी शाईनं भरायचे
शेवाळांची, बुरश्यांची लॅटिन नावं,
अर्थ न कळता, पण स्पेलिंग न चुकता.
उत्तर दोन महिन्यांनी. कधी चार.
त्यासाठी एक रकाना मीच आखला होता :
लागलेले दिवस.
तिकिटं रावजीभाईच्या मुलाची, लेख सरांचा,
पाकीट माझं, मागच्या बाजूला वाणसामानाची यादी.

पंच्याण्णव साली भिंतीला भोक पाडलं.
हेमल नावाचा पोरगा वायरचं वेटोळं खांद्यावर घेऊन आला.
वडावरून नेलेली वायर वानरांनी दोनदा तोडली,
तिसऱ्यांदा ती पाइपातून गेली.
फणसे सर म्हणाले, ‘कुमुदबेन, आता रजिस्टर बंद.’
मी म्हटलं, बरं.
आणि प्रत्येक मेल छापून नोंदत राहिले.
आवक ४०२, कॅनडा. दिवस : शून्य.
शून्य काढताना हात अडखळायचा,
खोटी सही करतेय असं वाटायचं.

शेजारच्या खोलीतले अमीन साहेब आणि आमचे सर
अकरा वर्षं बोलत नव्हते.
कारण एक जर्मन सूक्ष्मदर्शक,
जो आता कुणीच वापरत नाही.
मधली भिंत इतकी पातळ
की इकडची शिंक तिकडे ऐकू जायची.

एका मंगळवारी प्रिंटरमधून कागद करकरत आला :
‘तुमच्या तिसऱ्या तक्त्यात दशांशचिन्ह चुकलंय.
बाकी काम सुंदर. अमीन.’
वर सगळा रस्ता छापलेला,
आमच्या इमारतीतून मुंबई,
मुंबईहून परत आमची इमारत.

सरांनी कागद बराच वेळ हातात धरला.
पेन्सिलीनं दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवलं.
उठून पलीकडे गेले नाहीत.
दोन बोटांनी उत्तर टाइप केलं
आणि मला विचारलं, ‘पोचेल ना?’

मी नोंद करायला बसले.
‘कुठून’मध्ये आधी मुंबई लिहिलं, मग खोडलं.
‘लागलेले दिवस’मध्ये शून्य लिहवेना.
मागच्या पानावर गुणाकार मांडला :
चार हजार पंधरा,
आणि लीप वर्षांचे तीन.