ओळ एकशे चौदा

अरासेलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली
आणि काहीच बोलली नाही.
खाली टर्मिनलवर असुन्सिओनची रात्रीची बस
घरघरत उभी होती,
डिझेलचा वास जिना चढून वर येत होता.
ओळ एकशे चौदा.
एक हवा तिथे शून्य.

बारा वर्षांपूर्वीचं ते शून्य माझं आहे.

पवित्र आठवड्यातला बुधवार होता.
अख्ख्या एन्कार्नासिओनला आपापल्या आईकडे जायचं होतं,
रांग पार फाटकाबाहेर,
आणि आमची स्क्रिप्ट बँकेच्या दाराशी हटून बसलेली:
समोरच्याचं प्रमाणपत्र ओळखीचं नाही,
खालची सही कुणाची, कळत नाही,
मी आत जाणार नाही.
मालक डॉन वेनान्सिओ माझ्या खुर्चीमागे उभा,
तेरेरेची नळी तोंडात, चकार शब्द नाही.
ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी सांगितलं, तपासू नकोस.
एवढे शब्दही लागले नाहीत, एका आकड्यात भागलं.
आणि तिकिटं भराभर निघाली, बस भरल्या,
कुणीतरी कागदात बांधून गरम चिपा आणून दिले,
ते मी कीबोर्डवर चुरा सांडत खाल्ले.
सोमवारी नीट करू, म्हणालो.

"कुलूप तर होतंच ना," मी आता अरासेलीला म्हणतो,
"कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे,
काही म्हणजे काही उघड्यावरून गेलं नाही."
"नाही गेलं," ती म्हणते.
"कुजबुज अगदी गुप्त होती.
फक्त कुणाच्या कानात, ते विचारलं नाही."

तिचं वय चोवीस.
मला राग यायला हवा होता, पण आठवली ती आई.
न्या झुनिल्दा, डोक्यावर टोपली,
चालत्या बसमध्ये चढायची, पुढच्या थांब्याला उतरायची,
आणि हातात आलेली प्रत्येक नोट
खिडकीच्या उजेडात धरून बघायची.
पाद्रीबाबांचीसुद्धा.
एकदा माझीही, सगळ्यांदेखत. मी हिरमुसलो तर म्हणाली,
"तुझ्यावर विश्वास आहे रे एलिहियो. नोटेवर नाही.
नोट तुझ्याकडे कुठून आली, तुला तरी ठाऊक आहे का?"

अरासेलीने मूळ प्रमाणपत्रांची ताजी यादी उतरवून घेतली,
तिचा पत्ता स्क्रिप्टला दिला,
शून्य खोडून एक लिहिला.
मग आम्ही दोघं वाट बघत बसलो.
बँकेने आपला कागद पुढे केला,
त्यावर एकाची सही, त्या एकासाठी दुसऱ्याची,
आणि दुसऱ्याचं नाव आमच्या यादीत, वरून सातवं.
साक्षीला साक्ष लागली.
हात मिळाले.
खाली खिडकीत कोरोनेल बोगादोला निघालेल्या कुणा बाईचं
तिकीट फाटल्याचा आवाज आला.

अकरा मिनिटं लागली सगळ्याला.
मी घड्याळ बघत होतो.

बारा वर्षांच्या नोंदी उपसल्या तरी
त्या दारातून दुसरं कुणी आत आलं होतं का,
ते आम्हाला कळणार नाही.
पहाऱ्यावर कुणी नसेल
तर चोराचीही नोंद होत नाही, आणि चोर नव्हता याचीही.
उद्या वेनान्सिओच्या मुलाला मी हे सांगणार आहे.
कसं, ते अजून ठरत नाही.
नदीपलीकडे पोसादासचे दिवे,
इथून बघितलं तर सगळे सारखेच.

"बदलाची नोंद करायची आहे," अरासेली म्हणाली,
बोटं कळांवर थांबलेली,
"कारण काय लिहू?"

लिही, सोमवार आला.

"आज गुरुवार आहे, डॉन एलिहियो."

ठाऊक आहे. लिही.