मंगळवारची गाडी

तोकतोसूनमामा गाडीच्या समोर उभा राहत नाही.
तो आधी आडवा होतो,
बिश्केकच्या रविवारच्या बाजारात, गोठलेल्या चिखलावर
पुठ्ठा टाकून,
आणि गाडीच्या पोटाखालून बोलतो:
"चासी सडलीय. पुढे चल."

मी पुढे चालते.
मी दातांच्या दवाखान्यात हिशेब लिहिते.
आठवड्याचे पाच दिवस सव्वासात किलोमीटर,
अकरा सिग्नल, एक शाळा, एक कायमचं खोदकाम.
उरलेले दोन दिवस, बर्फ वितळला की,
तो-आशूचा घाट चढून पलीकडे,
जिथे डांबर संपतं
आणि माझा भाऊ सुरू होतो:
चौदा घोड्या, एक तंबू, फोनला रेंज नाही.

मामाला ते दोनच दिवस दिसतात.
"पोटाखाली वीतभर जागा हवी," म्हणतो,
आणि स्वतःची वीत लावून दाखवतो.
घोड्यांची उंची मोजून ताणलेली ती वीत,
तिच्यात माझ्या दीड बसतील.
"आणि लो गिअर. घोडा जिथे दम खातो
तिथे गाडीलाही लाज न वाटता
हळू चालता आलं पाहिजे."

पटतं मला.
पण एवढ्या उंच गाडीत आई कशी चढणार,
गुडघ्याच्या इंजेक्शनच्या दिवशी?
विचारलं, तर विकणारे टायर दाखवतात.

पांढरी पजेरो. मालक शपथ घेतो,
घाटात कधी धाप लागली नाही.
पेट्रोल किती पिते?
तो आकाशाकडे बघतो.

निवा. काटक. सोबत हातोडी फुकट,
आणि मालक हसत नाहीये.
हीटर एकाच पायाला ऊब देतो,
ऐंशीच्या वर आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही.

मग जपानहून आलेली एक, काचेसारखी स्वच्छ,
स्टिअरिंग उजवीकडे.
आमच्याकडे रहदारीही उजवीकडूनच,
म्हणजे ओव्हरटेक करायचं
तर शेजारी बसलेल्याच्या डोळ्यांवर विसंबून.
माझ्या शेजारची सीट
तीन वर्षं रिकामी आहे.
मी दार हळूच लावलं.

दुपारी विटारा सापडली, राखाडी, जुनी,
पुढच्या बंपरला कुणाच्या तरी कुंपणाची हिरवी आठवण.
मामा तिच्याखाली बराच वेळ राहिला.
बाहेर आला तो गप्प.
त्याचं गप्प राहणं म्हणजे सहा लाख सोमांपैकी
निम्मे तरी दिल्यासारखे.

"चढव त्या टेकाडावर," तो म्हणाला.
मालक सुयुनबेक मागे बसून मान डोलावत होता.
मी गाडी उलटीकडे वळवली,
शहरात,
दवाखान्याच्या मागे,
विजेचा खांब आणि कचऱ्याची पेटी यांच्यामधल्या
माझ्या जागेपाशी.
रिव्हर्स. थांब. पुन्हा रिव्हर्स.
उतरून मी माझी वीत लावली:
खांबाकडे एक, पेटीकडे एक आणि वर दोन बोटं.

मग आमच्या इमारतीचं अंगण,
जिथे शरदापासून गटाराचं झाकण नाही
आणि बर्फाचा उंबरा कुणी फोडत नाही.
तिथे मी लो गिअर टाकला.
गाडी म्हातारीसारखी जपून, एकेक चाक उचलत
पलीकडे गेली.
"हाही घाटच आहे, मामा."
तो काही बोलला नाही.
खिडकीतून आईला मात्र हाक मारली,
"ये खाली. चढून बघ."

ती चढली. दुसऱ्या प्रयत्नात,
दाराच्या चौकटीला धरून,
शिव्या देत.

आज मंगळवार. सातवा सिग्नल.
मागच्या सीटवर आईची काठी,
डिकीत मामाने दिलेला दोर,
घोड्यांचा वास अजून गेला नाही त्याचा.
दिवा लाल आहे.
मी त्या छोट्या दांड्याला
उगीचच हात लावून बघते.
वरचा बर्फ वितळायला
अजून नऊ आठवडे.